तळ्यावरचे पक्षी : तुमच्याकडची निरीक्षणं लिहा

आज तळ्याच्या कडेला कुजक्या गवताचा एक ओला ढीग डुलताना दिसला आणि टिबुकलीची जुनी आठवण वर आली. तो ढीग म्हणजे तिचं घरटंच. तरंगतं, पण पाणवनस्पतींच्या देठांना अडकवलेलं. चाहूल लागली की पक्षी चोचीने भराभर ओला पाला अंड्यांवर ओढतो आणि बुडी मारतो, म्हणून घरटं रिकामं वाटतं. अंडी आधी पांढरी असतात, मग त्या पाल्याने डागाळून तपकिरी होतात. असा ढीग दिसला तर मागे सरका, पक्षी लगेच परत येऊन बसतो.

काठावरून
पाण्याची पातळी बघा!! विणीत पाणी हातभर उतरलं की घरटं चिखलावर टेकतं, मग कुत्री, मुंगूस चालत पोचतात. एकदम चढलं तर शेकाट्याची अंडी गेलीच, ती काठालगतच असतात.

बोरू
+१. आणि काठाला उभी दगडी भिंत नको हो. तुतवार, ढोकरीला घोटाभर पाणी लागतं. पाणकणसं सरसकट उपटू नका, जांभळी पाणकोंबडी त्यातच राहते.

सायली
कमळपक्षी राहिला की! मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे.

बोरू
बिचारा :)

पाणलोट
जलपर्णी काढताना काठावर ढीग लावू नका, पहिल्या पावसात परत पाण्यात. लांब नेऊन वाळवा. तुकडा राहिला तरी त्यातून फुटते. अख्खं तळं झाकलं तर खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. मग खंड्या, पाणकावळा कशाला थांबतील? पण काढायची ती वीण आटोपल्यावरच.

सायली
टिबुकल्या मोजता कशा? सारख्या बुडतात.

काठावरून
ऊन पाठीशी घ्या. तळ्याचे मनाने भाग पाडा, एकेका भागावर अर्धा मिनिट तरी दुर्बीण स्थिर ठेवा. बुडी सहसा त्याहून छोटी असते. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

नवखा
वारकरी आणि पाणकोंबडीत फार गोंधळ होतो

बोरू
कपाळ बघा. वारकऱ्याला पांढरा टिळा, साध्या पाणकोंबडीला लाल, चोचीचं टोक पिवळं.

पाणलोट
आणि पाव टाकू नका कृपया. सडतो, शेवाळ माजतं.

नवखा
हळदी-कुंकू बदक?

सायली
चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. ठिपके समोरून नीट दिसतात.