मदत हवी आहे: माँटगोमेरी काउंटीच्या बजेटमध्ये आपली मागणी कशी पोचवायची?

मंडळी, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत कोणी राहतं का? आमच्याकडे ज्येष्ठांना केंद्रात नेणारी गाडी आठवड्यातून दोनच दिवस येते. सासरे त्या दोन दिवसांची वाट बघत बसतात, आणि मला ते बघवत नाही. दिवस वाढवून मागायचे आहेत.

काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. काउंटी एक्झिक्युटिव्ह (काउंटीचे निवडून आलेले प्रमुख) १५ मार्चपर्यंत बजेट मांडतात, एप्रिलमध्ये जनसुनावणी, मग कौन्सिलच्या (काउंटीच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या) समित्या एकेक खातं चाळतात आणि १ जूनपर्यंत कौन्सिल मंजुरी देतं. जवळजवळ निम्मा पैसा शाळांकडे जातो, त्यामुळे आमच्यासारख्यांची ओढाताण उरलेल्या निम्म्यात. कौन्सिलला ज्या बाबी वाढवायच्या असतात त्या 'रिकन्सिलिएशन लिस्ट'वर जातात, एवढं कळलंय.

तर सुनावणीत बोलावं, की त्याआधीच समितीतल्या सदस्याला गाठावं? आणि यादी हुकलीच, तर वर्षाच्या मध्यात पूरक तरतुदीसाठी (ती एक्झिक्युटिव्हने सुचवायची असते, पैसा कुठून येणार हे सांगून) आधी खात्याकडे जायचं का? कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. निवेदन मराठी मंडळातल्या इतर कुटुंबांच्या सह्या घेऊन द्यायची माझी तयारी आहे.