दुबईत व्हीपीएन लावून घरी फोन करावा का?

मुशाफिर:
धाकटा भाऊ नोकरीसाठी दुबईला चाललाय. तिकडे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, म्हणून मित्रांनी त्याच्या फोनवर व्हीपीएन टाकून दिलं (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेऊन आपला ठावठिकाणा लपवणारं ॲप). मी ते काढायला सांगितलं आणि घरात वाद पेटला.

मला वाटतं, ज्या देशात कमवायला जायचं तिथला कायदा पाळायचाच. अमिरातीत इंटरनेट कॉलिंगचा परवाना एतिसलात आणि दू या दोनच कंपन्यांकडे आहे. २०२१ च्या सायबर कायद्यानुसार आयपी पत्ता (इंटरनेटवरची आपल्या फोनची ओळख) लपवून गुन्हा केला, किंवा तो उघडकीला येऊ दिला नाही, तर कैद, ५ लाख ते २० लाख दिर्हम दंड किंवा दोन्ही. खालचा आकडाच कोटी रुपयांच्या पुढे जातो! बोटिमसारखी मान्यता असलेली ॲप असताना ही जोखीम कशाला?

सागरवेडा:
कलम तुम्हीच लिहिलंत, आता नीट वाचा. गुन्हा व्हीपीएन वापरणं हा नाही, त्याआडून गुन्हा करणं हा आहे. तिथल्या बँका आणि कंपन्या व्हीपीएन राजरोस वापरतात. २०१६ मध्ये दंड वाढवला तेव्हा तिथल्या दूरसंचार नियामकानेही बँका-कंपन्यांच्या या वापराला हरकत नसल्याचं सांगितलं होतं. आईशी बोलणं कुठल्या अर्थाने गुन्हा ठरतं?

कोणी म्हणेल, कॉलबंदी सुरक्षेसाठी आहे; ते मला पटत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा घरून सुरू झाल्या तेव्हा झूम आणि टीम्सला परवानगी मिळालीच की. शेजारच्या सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली. मग इथे अडतंय कुठे? झळ बसते ती लेबर कॅम्पात राहून घरी पैसे पाठवणाऱ्याला.

मुशाफिर:
बंदी अन्यायाची आहे, मान्य. पण 'गुन्हा' शब्दाचा अर्थ तिथला सरकारी वकील लावणार, तुम्ही-मी नाही. विनापरवाना कॉल हाच गुन्हा धरला तर? भावाचा व्हिसा मालकाच्या हातात. खटला राहू दे, नुसती चौकशी लागली तरी नोकरी जाईल.

निळी छत्री:
मी कामासाठी क्वांगचौच्या कँटन फेअरला जाते, तिथलं सांगते. चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप सगळं बंद. पण भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर डेटा सहसा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्गे फिरून येतो, त्यामुळे हे सगळं बहुधा चालतं. हॉटेलचं वायफाय जोडलं की बंद. चार दिवसांच्या प्रवाशाला व्हीपीएनची गरजच पडत नाही. वर्षानुवर्षं राहणाऱ्याला मात्र रोमिंग परवडणार नाही, तिथे सागरवेडांचा मुद्दा खरा आहे.

आणि मुशाफिर, भावाच्या फोनवरचं व्हीपीएन फुकटातलं असेल तर आजच काढा. फोनवरच्या इंटरनेटची सगळी ये-जा ते व्हीपीएन चालवणाऱ्या अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवरून होणार. सरकारपासून लपायचं आणि ब्राउझिंगचा सगळा माग भलत्याच्या हाती द्यायचा, हे मला कधीच पटलं नाही.

डोंगरवाट:
सगळे परदेशाबद्दलच बोलताय. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झालं, फोर-जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तिथल्या मुलांनी अभ्यासासाठी व्हीपीएन लावलं तेव्हा 'कायदा म्हणजे कायदा' म्हणणारे आपल्याकडेही भरपूर होते. बंदी कोणाची, यावर आपलं मत बदलू नये.

मुशाफिर:
डोंगरवाट, माझं मत तेव्हाही हेच होतं: बंदीविरुद्ध कोर्टात जावं, आणि लोक गेलेही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही. परक्या देशात नोकरदाराला तो रस्ता कुठे आहे? म्हणूनच भावाला जपायला सांगतोय. आईच्या फोनवर कालच बोटिम टाकलं.

सागरवेडा:
त्याला नसेल, आपल्या सरकारला आहे. अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात. व्यापार कराराच्या वाटाघाटी होतात, तशी या कॉलबंदीवरही दिल्लीने बोलणी करावी. मी खासदारांना पत्र लिहितोय, सही करणार का?

मुशाफिर:
करतो. मसुदा पाठवा.