निकाल हाती येईपर्यंतचे दिवस: प्रार्थना सुचत नसेल तर काय वाचावं?

मोहरीचा_दाणा
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. मोठ्या आजाराचं निदान व्हायचं असतं, तपासण्या चालू असतात, अशा दिवसांत प्रार्थनेला बसलं की दोन वाक्यांत शब्द संपतात. धीराची वचनं वाचावीत तर ती वरवरची वाटतात, आणि तसं वाटलं म्हणून पुन्हा अपराधी वाटतं. अशा वेळी नेमकं काय वाचावं, किती आणि कोणत्या क्रमाने? ‘विश्वास ठेवा’ हे ठाऊक आहे. तो ठेवायचा कसा, हे विचारतेय.

जैतून
धीराच्या वचनांपासून सुरुवात करू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. ती ओलांडून आपण थेट 23 किंवा 91 या धीराच्या स्तोत्रांवर जातो आणि मग ते शब्द गळ्याखाली उतरत नाहीत.

स्तोत्र 13 घ्या. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत तक्रार आहे, ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो. 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा. आवाज काढून वाचा, कुजबुजलात तरी चालेल, पण ओठ हलू द्या. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळींवरून घसरतात आणि डोकं पुन्हा रिपोर्टपाशी जातं. वचन 2 झालं की थांबा आणि वहीत ‘कोठवर’ घालून आपली चार वाक्यं लिहा. ती देवाला उद्देशून हवीत. ‘फार भीती वाटते’ ही नुसती नोंद झाली. ‘प्रभो, फोन वाजला की छातीत धस्स होतं, हे कोठवर?’ ही प्रार्थना झाली.

3-4 नंतर एकच मागणी करा, तीही आजच्यापुरती: आज रात्री चार तास झोप लागू दे. शेवटची दोन वचनं फक्त वाचा, त्यात स्वतःची भर घालायची सक्ती नाही. सगळं मिळून 10-15 मिनिटं. आठवडाभर हेच स्तोत्र ठेवा. रोज नवं शोधत बसलात की शोधण्यातच जीव थकतो.

अंजिराच्या_सावलीत
वर सांगितलंय त्यात एक जोड. काही वचनं चुकीच्या जागी वापरल्यामुळे जास्त लागतात. ‘देव सोसवेल तेवढंच दुःख देतो’ असं म्हणतात आणि प्रेषित पौलाच्या पत्रातलं 1 करिंथ 10:13 दाखवतात. त्या अध्यायात इस्राएल लोक रानात ज्या मोहांना बळी पडले त्यांचा विषय आहे, आजारपणाचा नाही. उलट 2 करिंथ 1:8 मध्ये पौल स्वतः लिहितो की ओझं शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. ‘कुठल्या पापाची शिक्षा?’ हा प्रश्न छळत असेल तर योहान 9:3 वाचा; शिष्यांनी तोच प्रश्न विचारला आणि येशूने तो मान्यच केला नाही.

तीच विनंती पुन्हा पुन्हा करणं म्हणजे विश्वास कमी, असंही मानू नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा तीच प्रार्थना केली (मत्तय 26:44).

मोहरीचा_दाणा
आभारी आहे. पण शेवटचा भरवसा उसना वाटला तर? आणि मध्यरात्री जाग आली तर वही-पेनाचं बळ कुठून आणायचं?

जैतून
उसना वाटला तर स्तोत्र 88 उघडा. ते शेवटपर्यंत भरवशाकडे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. तरी वचन 1, 9 आणि 13 पाहा: तो माणूस तिन्ही ठिकाणी पुन्हा परमेश्वरालाच हाक मारतो. भरवशाची एकही ओळ न जमता केलेली प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, याहून मोठा दिलासा मला तरी माहीत नाही.

रात्रीसाठी स्तोत्र 23 चं फक्त चौथं वचन पाठ करा. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळ ‘तो’ आहे. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडतं तिथे तो ‘तू’ होतो. श्वास सोडताना ‘तू मजबरोबर आहेस’ एवढंच म्हणा. तेही जड गेलं तर नुसतं कण्हलात तरी पुरे, रोमकरांस 8:26 त्याचसाठी आहे: शब्द सुचत नाहीत तिथे आत्मा आपल्यासाठी विनंती करतो.

झऱ्याकाठी
शरीराकडे दुर्लक्ष होतं, म्हणून लिहितोय. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, मग दुसऱ्यांदा खायला उठवतो. देवाचा मंद स्वर त्यानंतर, पुढच्या प्रवासाअंती. म्हणून या दिवसांत उपास धरू नका, औषधं चुकवू नका. जगणंच नकोसं वाटू लागलं तर ते त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगा. तसं सांगण्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

आणि एकट्याने वाचू नका. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असा निरोप धाडला की लोक ‘आमेन’ लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू बहिणीला फोन करून स्पष्ट सांगा: ‘दहा मिनिटं या, स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, मी नुसती ऐकेन. समजावू नका.’ सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते (2:13), तेवढं त्यांचं बरोबर होतं.