एमिली डिकिन्सन ग्रीकमध्ये वाचताना मूळ इंग्रजी कविता आधी वाचावी का?

प्रश्न (अथेन्सवासी):
नमस्कार. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या जन्मदिनी, १० डिसेंबरला, अथेन्समधील आमचा वाचकगट त्यांच्या कवितांच्या ग्रीक अनुवादांचे जाहीर वाचन करणार आहे. प्रत्येक कविता आधी इंग्रजीत वाचावी की थेट ग्रीकमध्ये, यावर एकमत होत नाही. शिवाय ओळीच्या मध्येच येणाऱ्या डॅशचे करायचे काय? परवाच्या तालमीत एक गृहस्थ एका डॅशला इतके थांबले की, पुढचे पान हरवले असावे असे समजून शेजारच्या बाईंनी आपली प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

उत्तर (दुभाषी):
इंग्रजी आधी वाचू नये. श्रोते मग कविता ऐकायची सोडून तुलना करत बसतात. काही ठिकाणी तर ग्रीकला आयतेच दान पडले आहे. ‘मी कोणीच नाही, तू कोण?’ असे विचारणारी त्यांची प्रसिद्ध कविता घ्या. ‘कोणीच नाही’ याला आजच्या ग्रीकमध्ये ‘कानेनास’ म्हणतात, आणि तो शब्द कानावर पडताच प्राचीन ग्रीक कवी होमर वाचलेल्या श्रोत्याला त्याच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस आठवतो, ज्याने एकाक्ष राक्षस पॉलिफेमसला आपले नाव ‘कोणीच नाही’ असे सांगून जीव वाचवला. पुढे जहाजावरून त्याने बढाईपोटी खरे नाव ओरडून सांगितले आणि पॉलिफेमसचा बाप, समुद्रदेव पॉसायडन, याचा कोप ओढवून घेतला. डिकिन्सन यांच्या कवितेतही दिवसभर स्वतःचेच नाव सांगत बसणारा बेडूक आहे. हा योग त्यांनी जुळवून आणला असे मी म्हणत नाही, पण ग्रीक कानाला तो टाळता येणार नाही.

उत्तर (छंदवेडा):
सहमत आहे, परंतु मृत्यू गाडी घेऊन न्यायला येतो ती कविता मी अपवाद मानतो. इंग्रजीत मृत्यूला ‘तो’ म्हणताच एक सभ्य गृहस्थ दारात उभा राहतो. ग्रीक ‘थानातोस’ आपल्या ‘मृत्यू’सारखाच मुळात पुल्लिंगी असल्यामुळे तेथे तसे काही घडत नाही. ती दोन्ही भाषांत वाचावी.
डॅशविषयी: त्यांच्या अनेक कविता चर्चमधील स्तोत्रांप्रमाणे आलटून पालटून ८ आणि ६ अक्षरांच्या ओळींत आहेत, तर ग्रीक लोकगीतांची ओळ १५ अक्षरांची आणि आठव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम, असलेली. अनुवाद छंदोबद्ध असेल तर वाचणाऱ्याची जीभ त्या ओळखीच्या ठेक्यावर घसरते, आणि तिला अडवायला डॅशच उपयोगी पडतो. म्हणून थांबावे, पण श्वासापुरतेच.

अथेन्सवासी:
दोघांचेही आभार. सुरुवात ‘कानेनास’ने करू आणि मृत्यूची कविता दोन्ही भाषांत वाचू. श्वासाचे त्या गृहस्थांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, तीस वर्षे चर्चमध्ये स्तोत्रे गायल्यामुळे त्यांचा श्वासच लांब आहे.