अण्णांनी शुगरची गोळी सोडली, मराठीत भरवशाची माहिती कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय, अशोक चौकात राहतो. आमच्या अण्णांना नऊ वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू होती, एचबीए१सी (रक्तातल्या शुगरची तपासणी) सातच्या आसपास असायचं. दिवाळीनंतर त्यांनी मोबाईलवर '२१ दिवसांत शुगर मुळापासून बंद' असला व्हिडिओ बघितला आणि गोळी कधी सोडली ते आम्हाला कळलंच नाही. परवा देवघर झाडताना आईला सिद्धरामेश्वरांच्या फोटोमागं चार भरलेल्या स्ट्रिपा सापडल्या. एचबीए१सी तपासलं तर ९.८. आणि हा आकडा तीनेक महिन्यांची सरासरी असतो, म्हणजे काल लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून वाढला असं म्हणायची पण सोय नाही.

अण्णांनी वही केलीय ओ. दोनरेघी वहीत तारीख घालून, कारल्याचा रस किती, मेथ्या कधी भिजवायच्या, १८०० रुपयांच्या पावडरीचा डबा कधी संपला, सगळं. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्यभर हिशोब लिहिलेला माणूस आहे, अडाणी नाही. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात आणि तो व्हिडिओवाला वीस मिनिटं मराठीत समजावून सांगतो, मग माणूस तिकडं जाणारच की.

शुगर बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले, मग उघड कसं चालतंय? मला उत्तर देता आलं नाही.

मी शोधाशोध केली. काही साइटवर हॉनकोडचा, म्हणजे आरोग्याची माहिती भरवशाची असल्याचा, शिक्का दिसला, बरं वाटलं, नंतर कळलं की तो देणारी जिनिव्हाची संस्था २०२२ मध्येच बंद झाली, शिक्के मात्र तसेच राहिलेत. मेडलाइनप्लस आवडली, अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाची आहे, काही विकत नाहीत, पान कधी तपासलं ती तारीख पण असते. पण अण्णांना इंग्रजी येत नाही, आणि मी वाचून दाखवलं की 'तू तुझ्या मनाचं सांगतोस' म्हणतात.

डॉक्टरांना फोन करून गोळी परत चालू केलीय, पण रस आणि पावडर सोडायला तयार नाहीत. तर कुणाला मराठीत, डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं किंवा बोललेलं, काही न विकणारं असं माहीत असेल तर सांगा. आणि घरच्या मोठ्या माणसाला न दुखवता हे कसं पटवलंत ते पण लिहा. बुधवारी दवाखान्यात जायचंय, वही सोबत नेणार आहे, अण्णा हो म्हणालेत.