'झाडपाला आहे' म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी गांजा चालतो का?

रामबागची मावशी:
भाचा अकरावीत आहे, इंदुरात भंवरकुआला कोचिंगला जातो. परवा त्याची गणिताची वही चाळली. एकच उदाहरण एका पानावर तीनदा सुरू केलेलं, तिन्ही वेळा तिसऱ्या पायरीला सोडलेलं. दहावीपर्यंत हाच मुलगा तोंडी हिशेब करायचा. दप्तरात रोलिंग पेपरचं पाकीट सापडलं. विचारलं तर म्हणाला, "मावशी, झाडपाला आहे, सिगारेटपेक्षा बरा."

मोठ्यांचं मोठे बघतील. पण या वयात गांजा नकोच, असं माझं ठाम मत आहे. बेत आखणारा, मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. गांजाशी मिळतीजुळती द्रव्यं आपलं शरीर स्वतःच अगदी बेताने तयार करतं, आणि वाढत्या मेंदूतल्या जोडण्या नीट बसवण्यात त्यांचा हात असतो. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्यांच्याच जागी जाऊन बसतं आणि ते काम बिघडवतं.

छप्पनवाला:
मावशी, राग मानू नका. आमचे आजोबा रंगपंचमीलाच काय, एरवीही भांग घ्यायचे, आणि चाळीस वर्षं वकिली केली. भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आपल्याकडे आहेतच. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही नुसत्या पानांना गांजा धरलेलं नाही. वहीतल्या चुका गांजामुळेच, हे कशावरून? ही पोरं चार तास झोपतात! 'मेंदू कामातून जाईल' असं सांगाल, त्याला मित्र धडधाकट दिसतील, मग तुमचं खरंही तो ऐकणार नाही.

सुदामानगर:
आजोबांनी भांग पंधराव्या वर्षापासून रोज घेतली होती का? आणि भांगेच्या पानांपेक्षा शेंड्यांवरच्या फुलोऱ्यात, म्हणजे गांजात, टीएचसी कितीतरी जास्त असतं. भांगेचा दाखला गांजाला लागू होत नाही.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी:
दोन्ही बाजूंनी थोडं ताणलं जातंय. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांना ३८व्या वर्षापर्यंत तपासत गेले. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं न सोडणाऱ्यांचा बुद्ध्यांक ८ गुणांपर्यंत उतरलेला आढळला (२०१२). पण २०१६ साली जुळ्या भावंडांची तुलना झाली, एक घेणारं, एक न घेणारं, तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणून बुद्ध्यांकावर पैज लावू नये. मला जास्त काळजी मानसिक आजाराची वाटते. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५,००० तरुणांचा माग काढला, तेव्हा ५०हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट निघाला.

छप्पनवाला:
आजार आत सुरू झालेला असेल म्हणूनच काहीजण गांजाकडे वळत असतील, हीही शक्यता आहे ना? तरी ज्या घरात आधी असा आजार आहे तिथे धोका पत्करू नये, एवढं मी मानतो. पण पोलिसांची भीती घालू नका, हात जोडून सांगतो. त्याच एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट आहे. मुलांना हे कोणी सांगतच नाही.

रामबागची मावशी:
आमच्याच घरात आहे हो. माझ्या धाकट्या काकांना विसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. आजी त्यांचं ताट दाराबाहेर ठेवायची, कारण आतून कडी लावलेली असायची. ते गांजा घेत नव्हते, तरी हे झालं. म्हणूनच भाच्याच्या बाबतीत मी 'बघू, किती घेतोय ते' म्हणत बसणार नाही.

पोलिसांचं नाव मी काढलेलं नाही, काढणारही नाही. काल त्याला काकांबद्दल पहिल्यांदा सगळं सांगितलं. हेही सांगितलं की, मुलांनी काही दिवस बंद केल्यावर स्मरणशक्तीतला फरक बराच भरून निघतो, असं अभ्यासांत दिसलंय. त्याने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, महिनाभर सोड, मग वही उघडून दोघं बघू. हो म्हणाला नाही, पण पाकीट टेबलावर ठेवून गेला. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिलाय.

झोपेचं तुमचं म्हणणं पटलं. आजपासून अकराला दिवा बंद.