मदत हवी आहे: कवचवाल्या डायनोफ्लॅजेलेटची (पाण्यातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवाची) पेशी दुभंगते तेव्हा कवच कोणाकडे जातं?

भाट्येकरीण:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमएस्सी करतेय, प्रकल्प प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जिवांवर आहे. मिऱ्याच्या बाजूला आणि भाट्ये खाडीच्या तोंडाशी जाळी ओढायची, मिळेल ते ल्युगॉलमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, असं काम चाललंय. थंडीत निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरतात त्या नॉक्टिलुकाबद्दल विचारत नाहीये, त्याला कवचच नसतं. माझं घोडं अडलंय कवचवाल्यांपाशी.

ट्रायपॉस फुर्का, म्हणजे जुन्या पुस्तकांतलं सेरॅशियम, आमच्या नमुन्यांत भरपूर येतं. पुढे एक लांब शिंग, मागे दोन आखूड. पण मधूनच एखादी पेशी अशी दिसते की पुढचं शिंग जेमतेम फुटलेलं, टोकाला बोथट. त्या अर्ध्या भागाचं कवच इतकं पातळ की प्लेटांवरची, म्हणजे कवचाच्या तुकड्यांवरची, नक्षी दिसतच नाही. मागचा अर्धा मात्र जाड, खडबडीत. सर म्हणतात, जाळी ओढताना मोडलं असेल. मला पटत नाही. मोडलेल्या शिंगाची कड तुटकी दिसते, ही चांगली गोल आहे. त्याच नमुन्यात प्रोटोपेरिडिनियम या दुसऱ्या कवचवाल्याची रिकामी कवचंही सापडतात.

पुस्तकात ‘द्विविभाजनाने प्रजनन’ एवढ्यावर बोळवण केलीय. कुर्ली कवच टाकते तसं या पेशी आख्खं टाकून देतात की दोघी वाटून घेतात? शिवाय त्या सेल्युलोजच्या प्लेटा पेशीपटलाच्या आत, चपट्या पिशव्यांमध्ये असतात म्हणे. मग आतली वस्तू बाहेर टाकणार कशी? फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नाही, आणि व्हायवा तोंडावर आलीय.

मचवा:
शिंगांचं काही ठाऊक नाही ताई. पाणी तांबूस झालं की त्या बाजूला मासळी मिळत नाही, एवढं कळतं. वाचतोय.

खारफुटी:
दोन्ही पद्धती आहेत, प्रजातीनुसार बदलतात. ट्रायपॉस, अलेक्झांड्रियम, गोनिऑलॅक्स ही मंडळी कवच वाटून घेतात. याला डेस्मोस्किसिस म्हणतात. ट्रायपॉसमध्ये चीर तिरकी जाते आणि ती प्लेटांच्या सांध्यांवरूनच. एकीच्या वाट्याला पुढच्या शिंगाचा भाग, दुसरीच्या वाट्याला मागचा, आणि उरलेला अर्धा जिचा तिने नव्याने घडवायचा. नवा भाग आधी पातळ आणि गुळगुळीत असतो, नक्षी मागाहून चढते. तुमची बोथट शिंगाची पेशी मागचा वाटा मिळालेली दिसतेय. सरांना कडेचा फोटो दाखवा. प्रोरोसेंट्रमचं तर सोपंच आहे, मोठ्या झडपाच दोन, एकेकीला एक.

प्रोटोपेरिडिनियम आणि स्क्रिप्सिएला जुनं कवच आख्खं टाकतात आणि दोन्ही पिल्लं कोरं कवच बनवतात. ही एल्युथेरोस्किसिस. पण नुसत्या रिकाम्या कवचावरून विभाजन झालं असं प्रबंधात लिहू नका, मेलेल्या पेशीचंही कवच तसंच मागे राहतं.

आतली वस्तू बाहेर कशी, हा प्रश्न नेमका आहे. कवच टाकताना पेशी फक्त प्लेटा टाकत नाही. सगळ्यात बाहेरचं पेशीपटल, पिशव्यांचं बाहेरचं पटल आणि प्लेटा, सगळं एकदम जातं. पिशव्यांची आतली पटलं एकमेकांना जुळून तेच नवं पेशीपटल होतं. त्याच्याखाली नव्या पिशव्या तयार होतात आणि त्यांत प्लेटा घडतात. पाणी बिघडलं, तापमान एकदम बदललं तरी काही जाती असं कवच टाकतात, तेव्हा विभाजन असेलच असं नाही.

व्हायवात केंद्रकावर घसरतील, तयारी ठेवा. यांची गुणसूत्रं कायम घट्ट गुंडाळलेली असतात, विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळत नाही आणि तर्कूचे (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे) धागे केंद्रकाच्या आरपार गेलेल्या बोगद्यांतून जातात. मला स्वतःला कवचापेक्षा हेच जास्त अजब वाटतं.

आता कामाचं. ल्युगॉलने पेशी गडद तपकिरी होते, प्लेटा दिसणार कशा? हायपोचा (सोडियम थायोसल्फेटचा) थेंब टाका, रंग उतरेल. मग ट्रिपॅन ब्ल्यू हा निळा रंग द्या, प्लेटांचे सांधे साध्या सूक्ष्मदर्शकातही उठून दिसतात. प्लेटा सुट्या करून मोजायच्या तर कव्हरस्लिपच्या कडेला ब्लीचचा बारीक थेंब. आणि नमुना दुपारी घेत असाल तर सोडा ते. ट्रायपॉस रात्रीच्या उत्तरार्धात विभागतं. पहाटे जाळी ओढलीत तर अजून न सुटलेल्या जोड्या मिळतील, मग मोडलं की वाटून घेतलं हा वादच राहणार नाही.

भाट्येकरीण:
खूप आभार! आम्ही अकराच्या सुमाराला निघतो, मग जोड्या कुठून मिळणार. ट्रिपॅन ब्ल्यू शेजारच्या विभागाच्या कपाटात आहे, मागून बघते. पहाटे होडी मात्र कुणी नेत नाही.

मचवा:
ताई, आमची होडी मिरकरवाड्यातून तीनला सुटते. व्यनि करा. सोबत कुणाला तरी घेऊन या, आणि तुमची ती बारीक जाळी आमच्या जाळ्यात गुंतवू नका म्हणजे झालं.